समुद्री शेवाळाचा अर्क: विकत घ्यावा, घरी काढावा की सोडून द्यावा?

तासगाव-पलूसचे द्राक्षबागायतदार, कोरेगावचे आले उत्पादक, महाबळेश्वर-वाईचे स्ट्रॉबेरीवाले आणि कऱ्हाड-वाळव्याचे ऊसकरी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच बाटलीपाशी येतात. दुकानात तिला 'सीवीड' म्हणतात, बांधावर 'टॉनिक'. कोणती चांगली? काळी की तपकिरी? पावडर की लिक्विड? जीएसोबत (जिबरेलिक आम्लासोबत) चालेल का? कोकणातून शेवाळ आणून घरीच अर्क काढला तर? आणि खर्च करून फरक पडला नाही, तर दाद कुठे मागायची?

ही बाटली फसवी नाही, पण ती आपण जशी घेतो आणि वापरतो त्यात बराच पैसा वाया जातो. पिकावर ताण असताना, योग्य मात्रेत आणि बाटलीत काय आहे हे माहीत असेल, तर हा अर्क उपयोगी पडतो. खताची किंवा बुरशीनाशकाची जागा तो घेत नाही. दर फवारणीत सवयीने ओतायची तर ती वस्तूच नव्हे.

बाटलीत नेमके काय असते?

निर्णय घेण्यापुरतेच सांगतो. तपकिरी शेवाळात अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल, लॅमिनारिन, फ्युकोइडन, बीटेन आणि भरपूर पालाश असतो. सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी संजीवके अगदी अल्प प्रमाणात असतात. त्यांच्यामुळेच झाड फुटते ही समजूत आता मागे पडली आहे. या सगळ्या घटकांच्या इशाऱ्याने झाड स्वतःची ताण सोसण्याची यंत्रणा जागी करते, असे आजचे मत आहे. त्यामुळे ज्या बागेवर ताणच नाही, पाणी-खत वेळेवर आहे आणि पांढरी मुळी जोरात चालू आहे, तिथे या अर्काला करण्यासारखे फार उरत नाही.

लेबलवर शेवाळाचे नाव असते, ते वाचा.

- अस्कोफायलम नोडोसम: उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचे तपकिरी शेवाळ. कॅनडा, आयर्लंड, नॉर्वेकडून येते. काळे चकचकीत फ्लेक्स किंवा पावडर बहुतेक याचीच. सर्वाधिक अभ्यास याच्यावर झाला आहे.
- एक्लोनिया मॅक्सिमा: दक्षिण आफ्रिकेचे तपकिरी शेवाळ. थंड पद्धतीने, पेशी फोडून काढलेला अर्क रंगाने फिका असतो.
- सरगॅसम: आपल्या किनाऱ्यावरचे तपकिरी शेवाळ. तमिळनाडू, गुजरात आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर वाढते.
- कप्पाफायकस: हे तांबडे शेवाळ आहे, तपकिरी नव्हे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने याचा ताजा रस काढण्याचे तंत्र विकसित केले. इफकोच्या सागरिकामध्ये तांबडे आणि तपकिरी अशा दोन्ही शेवाळांचा अर्क असतो.

तांबडे म्हणजे हलके असे समजू नका, दोन्हींचे घटक वेगळे असतात इतकेच. मात्र लेबलवर नुसते 'समुद्री शेवाळ अर्क' लिहिले असेल आणि कोणते शेवाळ ते कुठेच नसेल, तर बाटली दुकानात परत ठेवा.

काळ्या रंगावरून दर्जा ठरवण्याची सवयही सोडा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात शिजवलेला अर्क काळा होतो, थंड पद्धतीचा होत नाही. ह्युमिक आम्ल किंवा मळी घातली की कुठलेही पाणी काळे दिसते. आम्लाचा थेंब टाकून बघण्याची घरगुती चाचणी सुचवली जाते, पण आम्लाने अल्जिनिक आम्ल खाली बसते तसे ह्युमिकही बसते. म्हणजे या चाचणीने खरे-खोटे ठरत नाही. ते ठरवायला प्रयोगशाळाच लागते.

भाव लिटरवर नाही, ग्रॅमवर काढा

एक लिटर बाटली स्वस्त वाटते आणि एक किलो पावडर महाग, आणि फसगत इथेच होते. लेबलवर अर्काचे टक्के पाहा. समजा, २० टक्क्यांची लिटरभर बाटली ६०० रुपयांना आहे. तिच्यात अर्क साधारण २०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये पडले. शेजारी ९५ टक्के अर्काची किलोभर पावडर १,२०० रुपयांना असेल, तर अर्क ९५० ग्रॅम, ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आसपास. (आकडे फक्त हिशेब दाखवण्यापुरते आहेत.) बाटलीतले उरलेले बहुतेक पाणीच आहे. ते आपल्या विहिरीतही आहे.

टक्केच लिहिलेले नसतील तर हा हिशेब मांडता येत नाही. मग ती बाटली कितीही नावाजलेली असो, घेऊ नका.

कायदा आता काय म्हणतो?

अनेक वर्षे ही उत्पादने कुठल्याच कायद्यात धड बसत नव्हती. ना खत, ना औषध. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये दुरुस्ती करून 'जैव उत्तेजक' असा वेगळा वर्ग केला. त्यासाठी अनुसूची ६ जोडली. समुद्री शेवाळाचे अर्क त्यात वनस्पतिजन्य अर्कांच्या गटात येतात. उत्पादकांना आधी तात्पुरत्या नोंदणीवर विक्रीची मुभा होती, ती १६ जून २०२५ ला संपली. त्यानंतर अनुसूचीत अधिसूचित झालेलेच उत्पादन विकता येते.

एके काळी बाजारात सुमारे ३०,००० जैव उत्तेजके होती, नंतर ती ८,००० वर आणि नियम कडक झाल्यावर ६५० च्या आसपास आली, असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले. जुन्या साठ्याच्या बाटल्या काही फळ्यांवर अजून असतील, म्हणून खरेदी करताना एवढे पाहाच:

1. बाटलीवर 'जैव उत्तेजक' असा उल्लेख, घटक व त्यांचे टक्के.
2. कोणत्या पिकासाठी, किती मात्रा. अधिसूचनेत उत्पादनासोबत पीक आणि मात्राही असते. तुमचे पीक त्यात नसेल तर दुकानदाराला तसे विचारा.
3. बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता.
4. पक्की पावती. तिच्यावर उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. 'औषधे – १,८५०' एवढीच पावती पुढे काही उपयोगाची नाही.

युरिया किंवा डीएपी हवा असेल तर सोबत सीवीडची बाटली घ्यावीच लागेल, असे कोणी म्हणत असेल तर ते लिंकिंग आहे, आणि ते बेकायदा आहे. खते नाकारली तर त्याच दिवशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. लिंकिंगचा रेटा बरेचदा वरून येतो आणि दुकानदारही त्यात अडकलेला असतो, हे खरे आहे. तरीही भुर्दंड तुम्ही सोसावा, असे त्यातून निघत नाही.

द्राक्षवाल्यांसाठी वेगळा इशारा

जैव उत्तेजकाच्या व्याख्येतच कीडनाशके आणि वाढनियंत्रके वगळलेली आहेत, आणि कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर असता कामा नये अशी अट आहे. ही अट कागदापुरती समजू नका. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्या बोलीतले सीसीसी, त्याच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि हंगाम अनेकांना महागात पडला. बागायतदाराने जाणून फवारलेले औषध नोंदवहीत तरी असते. 'सेंद्रिय टॉनिक' म्हणून दिलेल्या बाटलीत कोणी वाढनियंत्रक मिसळले असेल, तर ते तुमच्या नोंदीत नसते, पण मण्यात सापडते. माल मात्र तुमच्या नावावर नाकारला जातो.

म्हणून सीवीड मारल्यावर दोन दिवसांत पानांचा रंग गडद झाला, शेंडा एकदम थांबला किंवा मणी अचानक फुगायला लागला, तर खूश होण्याआधी शंका घ्या. शेवाळाचा अर्क इतक्या घाईने काम करत नाही. निर्यातीची बाग असेल तर ज्या बॅचची बाटली वापरली तिची सीलबंद एक प्रत बाजूला ठेवा आणि अंश तपासणीचा नमुना अपेडाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्या. काय फवारावे याबद्दल शंका असेल, तर मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काय सांगते ते आधी पाहा, दुकानातला सल्ला त्यानंतर.

कशात मिसळावे, कशात नाही

एका काचेच्या ग्लासात सीवीडचे द्रावण घ्या आणि त्यात चमचाभर कॅल्शियम नायट्रेटचे पाणी सोडा. बऱ्याच उत्पादनांत पाहता पाहता धागे धरतात, मग जेलीसारख्या गुठळ्या होतात. अल्जिनिक आम्ल आणि कॅल्शियम यांची ही ओढ आहे. ग्लासात दिसते ते पंपाच्या टाकीत दिसत नाही, पण नोझल चोंदते, ड्रिपरही बसतात, आणि ज्या दोन गोष्टींसाठी पैसे दिले त्या दोन्ही गाळणीवर अडकतात.

- कॅल्शियम नायट्रेट, चिलेटेड कॅल्शियम, बोर्डो मिश्रण: सीवीडसोबत कधीच नको. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.
- जीए: जिबरेलिक आम्लाला सौम्य आम्लधर्मी पाणी लागते, म्हणून तर आपण पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ वर आणतो. अल्कली पद्धतीच्या सीवीडचा सामू ८ ते १० असतो. दोन्ही एका टाकीत घातली तर जीएवरचा खर्च वाया जाईल. डिपिंगच्या वेळी सीवीड बाजूलाच ठेवा.
- फॉस्फरिक आम्ल, तीव्र आम्लधर्मी खते: गाळ बसतो.
- कीडनाशके: बरीच कीडनाशके अल्कली पाण्यात लवकर विघटित होतात. एकत्र मारणे भागच असेल, तर आधी सामू मोजा.
- ट्रायकोडर्मा व इतर जिवाणू-बुरशीची जैविके: आळवणीत सीवीडसोबत चालतात, मात्र द्रावणाचा सामू उतरवलेला हवा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आधीच आहे. तिथे साधी बाटली-चाचणी चुकवू नका. पारदर्शक बाटलीत टाकीतल्याच प्रमाणात सगळे मिसळा आणि अर्धा तास ठेवा. थर, गाळ किंवा धागा दिसला तर तो मेळ रद्द करा. या चाचणीला खर्च काही नाही. फक्त सकाळच्या गडबडीत ती कुणाला आठवत नाही.

कोणत्या पिकात केव्हा?

*द्राक्ष.* खरड छाटणीनंतर एप्रिल-मेच्या उन्हात आळवणी किंवा ड्रिपमधून सोडणे आणि फळछाटणीनंतर पाच-सहा पानांच्या अवस्थेतली फवारणी, या दोन वेळा पैसे वसूल होण्याची शक्यता जास्त. घड जिरण्यावर सीवीड हा उपाय म्हणून विकतात. घड जिरण्याची मुळे मात्र खरड छाटणीनंतरच्या काडीत, तेव्हाच्या ढगाळ हवेत आणि नत्राच्या अतिरेकात असतात. ऑक्टोबरची बाटली एप्रिलची चूक भरून काढत नाही. पाणी उतरू लागल्यावर बेदाण्याच्या किंवा खाण्याच्या बागेत सीवीडचा आग्रह कोणी धरला तर मी तरी नाही म्हणेन.

*ऊस.* बेणेप्रक्रियेत किंवा लागणीनंतर फुटव्यांच्या काळात आळवणी, तीही एकदा. मोठ्या बांधणीनंतर उसाच्या फडात फवारणी करायला मजूर मिळत नाही आणि ड्रोनचे भाडे जोडले तर हिशेब बसत नाही. एकरी टनेज वाढवायचे असेल तर आधी बेणे बदला, सरीतले अंतर आणि माती परीक्षण पाहा. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हेच सांगत आले आहे.

*आले आणि हळद.* उगवणीनंतर फुटव्यांच्या काळात आळवणी चालते. कंदकूज लागलेल्या गादीवर सीवीड ओतणे म्हणजे पैसा आणि ओलावा दोन्ही वाया. आधी निचरा बघा.

*स्ट्रॉबेरी.* रनर रोप लावल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे. मुळे धरण्यासाठी हलक्या मात्रेची आळवणी करा. हे पीक मिठाला फार हळवे आहे, म्हणून घरी काढलेला अर्क इथे नको.

*क्षारपड जमीन.* कृष्णा-वारणेच्या काठी चोपण-क्षारपड झालेल्या रानात 'सीवीडने जमीन सुधारते' असा प्रचार होतो. पिकाला ताण सोसायला थोडी मदत होईलही, पण जमीन सुधारायला निचरा लागतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात भूमिगत निचऱ्याची माहिती मिळेल. बाटलीचे पैसे तिकडे वळवा.

मात्रा लेबलप्रमाणेच ठेवा. दुप्पट मारल्याने दुप्पट फायदा होत नाही. शेंडा चालतो, पाने पातळ पडतात आणि भुरी-केवड्याला निमंत्रण मिळते. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा.

घरी अर्क काढता येतो का?

येतो. पण बाजारातल्यासारखा नाही, आणि का नाही ते समजून घ्या.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील भोसले, उंटवाले आणि धारगळकर यांनी १९७५ मध्ये शेवाळाचा अर्क काढून तो घेवड्यावर वापरून पाहिला. त्यांची उकळून-गाळून अर्क काढायची सोपी पद्धत पुढे देशातल्या अनेक अभ्यासकांनी उचलली. (कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची जातकुळीही तीच, हा योगायोग साताऱ्याच्या वाचकांना आवडावा.) त्या पद्धतीच्या आधाराने घरगुती रीत अशी:

1. शेवाळ ताजे हवे. वादळानंतर किनाऱ्यावर फेकले गेलेले, पण न कुजलेले सरगॅसम घ्या. खडकावरचे ओरबाडून आणू नका, त्यात माशांची पिले वाढतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथून काहीही उचलणे वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.
2. वाळू, शंख, प्लॅस्टिक वेचून गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. इथे आळस केला तर पुढे मीठच उकळाल.
3. सावलीत कडकडीत वाळवा. हातात कुस्करल्यावर तुटले पाहिजे. मग भरड करा.
4. एक किलो भरडीला वीस लिटर पाणी. रात्रभर भिजत ठेवा. सकाळी स्टीलच्या किंवा न उडालेल्या एनॅमलच्या भांड्यात मंद आचेवर तासभर उकळा. ॲल्युमिनियम नको.
5. निवल्यावर दुहेरी मलमलीतून गाळा. चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.
6. गाळलेल्या अर्काचा सामू आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे मोजमाप) मोजा आणि वहीत लिहा.
7. एक लिटर अर्काला दहा ते वीस लिटर पाणी घालून आळवणीसाठी वापरा. पातळ केल्यावर ईसी मूळ पाण्यापेक्षा एकाच्या वर चढत असेल, तर आणखी पाणी घाला.
8. दोन-तीन दिवसांत संपवा. वास बदलला, फेस आला किंवा कॅन फुगला तर पिकाला देऊ नका.

साध्या पाण्यात उकळल्यावर मॅनिटॉल, पालाश, फ्युकोइडन असे पाण्यात विरघळणारे घटक उतरतात. अल्जिनिक आम्ल मात्र फारसे उतरत नाही, कारण शेवाळात ते बरेचसे कॅल्शियमशी बांधलेले असते. ते सोडवायला अल्कली लागते, म्हणून कारखान्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. घरी ते करू नका. त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि गरम द्रावण उसळते. बाटलीचे चार पैसे वाचवण्यासाठी ही जोखीम कुणी घेऊ नये.

दुसरी अडचण मिठाची. घरच्या अर्कात जे विरघळलेले असते त्यातला मोठा वाटा सोडियम आणि क्लोराइडचा असू शकतो. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, घेवडा यांना तो बाधतो. त्यामुळे घरचा अर्क फळबागेवर फवारायचा नाही. परसातल्या भाज्या, रोपवाटिका, गवत, फार तर उसाची आळवणी, इथपर्यंत त्याची मर्यादा. साताऱ्या-सांगलीहून किनाऱ्यावर जाऊन-येऊन गाडीभाडे धरले तर स्वस्त पडते का, हेही एकदा कागदावर मांडा. माझ्या मते चिपळूण-मालवणकडे नेहमीचे जाणे-येणे असलेल्यांनीच या भानगडीत पडावे.

आणि हा अर्क पिऊ नका. फ्युकोइडनचे गुण ऐकून काहीजण विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. सरगॅसम कुळातल्या हिजिकी नावाच्या शेवाळात अजैविक आर्सेनिक इतके असते की ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने ते खाऊ नका असा सल्ला दिला आहे. शिवाय आयोडीनमुळे थायरॉइडचा त्रास वाढू शकतो. किनाऱ्यावरून उचललेले शेवाळ पोटात घेण्याजोगे नाही.

बचत गट, शेतकरी कंपनीने करून विकावे का?

स्वतःच्या रानासाठी करा. बाटलीत भरून शेजारच्या गावात विकायला गेलात की खत नियंत्रण आदेश लागू होतो. नोंदणीसाठी विषबाधेच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते, तसेच कृषी विद्यापीठ किंवा आयसीएआर यंत्रणेत तीन वेगवेगळ्या हवामान विभागांत किमान एक हंगाम केलेल्या चाचण्यांचे निकालही. लहान गटाला हा खर्च झेपणारा नाही. 'सेंद्रिय आहे, परवाना लागत नाही' असे सांगणारा सल्लागार भेटला तर त्याच्याकडून ते लिहून मागा. बहुतेक तिथेच विषय संपतो.

चार ओळी सोडा

पुढची ही एकच गोष्ट केली तरी या लेखाचे काम झाले. बागेच्या किंवा फडाच्या मध्यभागी चार ओळी सीवीडशिवाय ठेवा. बाकी पाणी, खत, औषध सगळे तेच. बांधालगतच्या ओळी निवडू नका, तिथे ऊन-वारा वेगळा असतो. काठीला फडके बांधून खूण करा, नाहीतर फवारणारा गडी सवयीने तिथेही मारेल.

मग मोजा. द्राक्षात दोन्हीकडच्या दहा-दहा वेलींवरचे घड मोजा, आणि काढणीला शंभर मण्यांचे वजन व गोडी बघा. उसात खुणेच्या वीस-वीस उसांचे वजन. आल्यात समान लांबीच्या दोन गाद्यांचे वजन. स्ट्रॉबेरीत आठवड्याच्या तोड्याची बेरीज. फरकाला त्या दिवशीच्या भावाने गुणा, त्यातून बाटली आणि फवारणीची मजुरी वजा करा. उरले ते तुमचे. काहीच उरले नाही तर पुढच्या वर्षी बाटली नको.

'शेजाऱ्याच्या बागेत फरक दिसला' हा पुरावा नाही. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याची काडी वेगळी. शिवाय त्यानेही ओळी सोडलेल्या नसतात. ओळी कशा सोडायच्या, किती मोजायचे याबद्दल अडले, तर साताऱ्यात बोरगावच्या आणि सांगलीत कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ सांगतील.

फसवणूक झाली तर

- लगेच: बाटली फेकू नका. झाकणासह, उरलेल्या द्रावणासह ठेवा. त्याच बॅचची न उघडलेली बाटली असेल तर ती जास्त महत्त्वाची. पिकाचे फोटो तारखेसह काढा, सोडलेल्या ओळींचेही.
- तक्रार: पंचायत समितीचा कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी, दोघांना लेखी अर्ज द्या. पावती व लेबलची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. अर्जात दोन मागण्या स्पष्ट लिहा: शेताची पाहणी करून पंचनामा आणि दुकानातून त्याच बॅचचा नमुना घेणे. नमुना खत निरीक्षकानेच रीतसर घ्यावा लागतो. तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत दिलेला नमुना विक्रेत्यावर कारवाई करायला पुरत नाही.
- वरची पायरी: पंधरवड्यात हालचाल नसेल तर जिल्हा परिषदेचे कृषी विकास अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी.
- भरपाई: कृषी खाते परवाना रद्द करू शकते, पण तुमचे पैसे परत मिळवून देणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. बियाण्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकरी हा ग्राहक आहे असे स्पष्ट केले आहे, त्यामुळे 'तुम्ही व्यवसायासाठी घेतले' हा बचाव ऐकून माघार घेऊ नका. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, वकील सक्तीचा नाही.

आयोगापुढे सगळ्यात आधी पावती मागतात, मग बॅच क्रमांक, मग पंचनामा. उधारीवर घेतलेल्या बाटलीची पावती हंगाम संपल्यावर, पैसे चुकते करताना मिळते आणि तोवर बॅच क्रमांक कुणालाच आठवत नाही. उधारी असली तरी पावती त्याच दिवशी मागा. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या.